रिकामा पट्टा

मागच्या डिसेंबरात माझा उजवा खांदा धरला. धरला म्हणजे एकदम नाही, आधी वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढताना कळ आली, मग केस बांधताना यायला लागली, आणि एक दिवस हात पाठीमागे जाईचना तेव्हा मी कुर्ता अर्धा घातलेल्या अवस्थेत पलंगावर बसून चक्क रडले. हाडांच्या डॉक्टरांनी हात इकडे तिकडे फिरवून बघितला, शुगर आहे का विचारलं (आहे, नुकतीच निघालीय), म्हणाले फ्रोजन शोल्डर, शुगरवाल्यांना जास्त होतो, फिजिओ चालू करा. किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाले, दिवस नका मोजू, महिने मोजा.

तर आमच्या साताऱ्यात पोवई नाक्याच्या जवळ एक छोटं क्लिनिक आहे, तिथं मी संध्याकाळी ऑफिस सुटलं की जायला लागले. तिथं येणारं कुणीच "फिजिओथेरपीला चाललोय" म्हणत नाही बरं का. सगळे "शेक घ्यायला" जातात नाहीतर "करंट लावायला" जातात. शेकवाले आणि करंटवाले असे दोन पंथच आहेत तिथं, आणि बाहेरच्या बाकड्यावर ते एकमेकांना आपापल्या मशीनचे फायदे सांगत बसलेले असतात.

मी शेकवाली. म्हणजे मला वाटलं गरम पाण्याची पिशवी वगैरे असेल. तर आत नेलं, लाकडी पलंगावर झोपवलं आणि शेजारी एक कपाटाएवढं जुनं मशीन, त्यातून दोन जाड केबली निघालेल्या, केबलींच्या टोकाला दोन रबरी पॅड. मॅडम म्हणाल्या, ताई, घड्याळ काढा, बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं, मोबाईल लांब ठेवा. मी म्हटलं सोन्याला काय होतंय. त्या म्हणाल्या, सोनं तापेल आणि चटका तुम्हाला बसेल. मग खांदा टॉवेलनं कोरडा पुसला, एक पॅड पुढून, एक मागून, मध्ये टॉवेलच्या घड्या, केबली एकमेकींना चिकटणार नाहीत अशा नीट लांब ठेवल्या. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात बोर्ड: पेसमेकर असल्यास आधी सांगावे. तो बोर्ड मी वीस मिनिटं रोज वाचायचे, करायला दुसरं काही नसायचं. तो पुढे असा उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मॅडमनी एक गंमत दाखवली. बोटाएवढी काचेची निऑनची नळी घेतली, कुठल्याही वायरला न जोडता नुसती पॅडच्या जवळ हातात धरली, आणि ती पेटली. लाल. मशीन चालू आहे का बघायची ती त्यांची रोजची पद्धत, त्यांना त्यात काहीच वाटत नव्हतं, पण मी मात्र आ वासून बघत राहिले. मशीनच्या पोटातून काहीच दिसत नाही, आवाज म्हणजे नुसती घरघर, आणि हवेत नळी पेटते. माझ्या आजीनं हे पाहिलं असतं तर मशीनला हळदकुंकू वाहिलं असतं.

या मशीनला शॉर्टवेव्ह डायथर्मी म्हणतात. घरी येऊन वाचत बसले, मला ती सवयच आहे. दोन पॅडच्या मधल्या जागेत विजेचं क्षेत्र सेकंदाला सुमारे २ कोटी ७१ लाख वेळा उलटसुलट होतं, २७.१२ मेगाहर्ट्झ. तेवढ्या वेगानं आपल्या मांसातले पाण्याचे रेणू आणि क्षारांचे कण इकडून तिकडे ढकलले जातात आणि त्या हेलपाट्यात तापतात. पिशवीचा शेक वरच्या कातडीलाच चाटतो, हा आत शिरतो. आणि हा आकडा कुणाच्या साधनेतून वगैरे निघालेला नाही हं. रेडिओ, पोलिसांचे वायरलेस यांच्यात लुडबूड होऊ नये म्हणून कारखाने, प्रयोगशाळा आणि दवाखान्यांच्या यंत्रांसाठी फ्रिक्वेन्सीचे काही पट्टे राखून ठेवलेत, त्यातला हा एक. आमच्या पोराची जुनी रिमोटची गाडी याच २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालायची. हे मुद्दाम सांगतेय कारण हल्ली व्हॉट्सॅपवर फ्रिक्वेन्सी हा शब्द आला की लोक डोळे मिटून हात जोडतात.

शरीरात वीज सोडायची आणि माणूस दचकलाही नाही पाहिजे, हे कसं जमतं? तर १८९० च्या सुमाराला पॅरिसमध्ये दार्सोन्व्हाल नावाच्या माणसानं दाखवलं की करंटची दिशा सेकंदाला दहा हजारपेक्षा जास्त वेळा बदलत नेली की स्नायू आचके द्यायचे थांबतात, तितक्या वेगाला ते साथच देऊ शकत नाहीत, उरते ती नुसती ऊब. माझ्या खांद्याची ऊब तिथून आलीय.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती गोष्ट वेगळीच. या मशीनवर बटण फिरवायचं असतं पण "खांद्यात इतके डिग्री" असा काटा नसतो. मॅडम बटण फिरवतात आणि विचारतात, किती गरम लागतंय? आणि मी सांगेन तो डोस. "छान उबदार" हे उत्तर हवं, "सहन होतंय" म्हटलं तर बटण लगेच मागे. म्हणून तर पहिल्या दिवशी एक गरम पाण्याची आणि एक गार पाण्याची काचनळी खांद्याला आलटून पालटून लावून, डोळे मिटायला लावून, गरम कुठली गार कुठली ते विचारलं होतं. शुगरनं कुणाची जाणीव बोथट झालेली असली तर तो माणूस भाजेपर्यंत छान छान म्हणत राहील. इतकं मोठं मशीन, एवढी वीज खाणारं, आणि ते पेशंटच्या शब्दावर चालतं. पंचेचाळीस वर्षांत मला किती दुखतंय हे कुणी दर दोन मिनिटांनी विचारल्याचं आठवत नाही (नवऱ्यानं हे वाचलं तर वाचू दे).

आता अण्णा.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं. त्यातली बरीचशी सातारा–मेढा–महाबळेश्वर, केळघरचा घाट, पावसाळ्यात धुकं, जुन्या गाड्यांची ती केबिन जिथं इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशेजारी तापत असायचं आणि सीटची स्प्रिंग केव्हाच बसलेली. कंबर जाणारच होती, गेली. रिटायर झाल्यावर तर ते वाकून चप्पलसुद्धा घालू शकत नव्हते असे दिवस आले, आणि नेमक्या अशा एका दिवशी आमच्या लांबच्या नात्यातले एक जण घरी आले आणि त्यांना एका मंगल कार्यालयात मीटिंगला घेऊन गेले. चहा, पोहे, पडद्यावर स्लाईड, कोट घातलेला माणूस. मीटिंग मॅग्नेटच्या गाद्या, पट्टे आणि पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्यांची होती. अण्णांना स्टेजवर बोलावलं, हात आडवा धरायला सांगितला आणि दाबला, हात खाली गेला. मग हातात मॅग्नेट दिलं, पुन्हा दाबला, हात हलेना. टाळ्या. ही जुनी युक्ती आहे, पहिल्यांदा जरा बाहेरच्या टोकाला दाबायचं, दुसऱ्यांदा जरा आतल्या बाजूला, शिवाय माणूस दुसऱ्या वेळी आपोआप तयारीत असतो. अण्णा घाटात ब्रेक फेल झालेली गाडी डोंगराला घासून थांबवलेला माणूस, पण स्टेजवर त्यांची गाडी सरळ दरीत गेली. साडेचार हजाराचा कमरेचा पट्टा घेऊन आले.

पत्रक मी वाचलं होतं. त्यात डायबेटीस बरा होतो, पॅरालिसिस बरा होतो असं कुठंच छापलेलं नव्हतं. छापलं तर पंचाईत होते, १९५४ चा कायदा आहे आपल्याकडे, औषधं आणि जादूई उपायांच्या जाहिरातींवरचा, त्यात अशा आजारांची यादीच दिलीय आणि जादूई उपायांमध्ये ताईत, मंत्र, कवच हे शब्द सरळ लिहिलेत. म्हणून पत्रक कसं अगदी सोवळं होतं, निरोगी जीवनशैली वगैरे. डायबेटीस, पॅरालिसिस सगळं तोंडी. पत्रकाचा पुरावा राहतो, पोह्यांचा राहत नाही.

आणि ते नातेवाईक मला समजावत होते, अगं रक्तात लोह असतं ना, मॅग्नेट ते खेचतं म्हणून सर्क्युलेशन वाढतं. आता रक्तात लोह असतं हे खरंच. पण ते हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेकटं अडकवलेलं असतं, खिळ्यातल्या लोखंडासारखं मॅग्नेटला चिकटत नाही. चिकटत असतं तर एमआरआयमध्ये काय झालं असतं विचार करा, तिथलं मॅग्नेट दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे मॅग्नेटची ताकद मोजायचं माप), नेहमीचं मशीनसुद्धा, या पट्ट्यातल्या चकत्या त्याच्यापुढे किस झाडकी पत्ती, आणि लोक त्यातून बाहेर येऊन चहा पितात. मी हे बोलले तर ते म्हणाले, तू शिकलेली आहेस, तुला नाही पटणार. ह्याला काय उत्तर देणार.

पण अण्णांना फरक पडला! खरंच पडला. महिन्याभरात ते चप्पल घालायला लागले, मग सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फिरायला जायला लागले. मी गप्प बसले. आईच्या तोंडावरचा ताण कमी झाला होता, साडेचार हजार काही जास्त नव्हते.

मग मागच्या दिवाळीत आईनं पट्टा धुवायला काढला. घामानं कडक झाला होता. आतल्या अस्तराची शिवण उसवली आणि काळ्या गोल बारा चकत्या बाहेर पडल्या, त्यातल्या दोन-तीन टुणकन जाऊन गोदरेजच्या कपाटाला चिकटल्या. आईनं पट्टा धुतला, वाळवला, शिवला. चकत्या परत घातल्या नाहीत. का विचारलं तर म्हणाली, कोण ते एकेक खण करत बसणार, आणि फ्रिजवर बिल लावायला बरे पडतात. गॅसचं पुस्तक, लाईटबिल, भिशीची तारीख, सगळं त्या चकत्यांखाली गेलं. अण्णांनी पट्टा बांधला आणि म्हणाले, धुतल्यावर हलका झालाय, बरं वाटतंय. फ्रिजकडे ते बघत नाहीत, ते खातं आईचं.

पुढचे चार महिने रिकामा पट्टा बांधून अण्णांची कंबर ठणठणीत. मी आणि आई एकमेकींकडे बघायचो आणि मान वळवायचो.

तुम्हाला वाटेल मी रचून सांगतेय. पण ही गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वी एकानं मुद्दाम करून पाहिलेली आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये एलिशा पर्किन्स नावाचा डॉक्टर होता, त्यानं धातूच्या दोन टोकदार कांड्या काढल्या, १७९६ साली पेटंट घेतलं, दुखऱ्या जागेवरून त्या फिरवल्या की आतलं विजेचं विष ओढून निघतं असं सांगायचा. त्या काळात बेडकाच्या तंगडीला वीज लागली की ती उडते हा गॅल्व्हानीचा शोध अगदी ताजा होता, त्यामुळे वीज म्हटलं की लोक विश्वास ठेवायला तयारच. कांड्या इंग्लंडात गेल्या, धडाक्यात खपल्या. तेव्हा बाथ गावातल्या जॉन हेगार्थ नावाच्या डॉक्टरनं १७९९ साली लाकडाच्या कांड्या करून त्यांना धातूसारखा रंग दिला आणि जुन्या संधिवाताच्या पाच पेशंटवरून फिरवल्या. पाचातल्या चौघांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या फिरवल्या, तेवढंच. त्यानं पुस्तक लिहिलं, कल्पना हे रोगाचं कारणही असतं आणि औषधही. आमच्या आईनं पुस्तक लिहिलं नाही, नुसता पट्टा शिवला.

अण्णांना बरं वाटायची कारणं मी मोजू शकते. कंबर सगळ्यात जास्त दुखते तेव्हाच माणूस पट्टा घेतो, आणि दुखणं चढतं तसं उतरतंही, पट्टा नसता तरी उतरलं असतं. ते गाडी चालवायचे थांबले होते. पत्रकात रोज चाला असं लिहिलं होतं म्हणून चालायला लागले, मी पाच वर्षं सांगत होते तेव्हा नाही. आणि घट्ट पट्ट्यानं कमरेला आधार मिळतोच, त्याला मॅग्नेट कशाला हवं.

पण मग मॅग्नेट म्हणजे सगळंच थोतांड असंही नाही, आणि इथंच माझी पंचाईत होते. स्थिर पडलेलं मॅग्नेट शरीराला जवळपास काही करत नाही. बदलतं मॅग्नेट मात्र करतं, कारण फॅराडेनं १८३१ मध्ये दाखवलं तेच, चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात करंट येतो, आणि आपण म्हणजे मिठाच्या पाण्याची पिशवी, चांगले वाहक. १९८५ साली इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्करनं डोक्यावर तारेचं एक वेटोळं धरून त्यातून क्षणभर जबर करंट सोडला आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला, कवटीला हात न लावता. तेच तंत्र आता औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी वापरतात, अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे, आपल्याकडे पुण्या-मुंबईतही मिळतं. जुळत नसलेल्या हाडांवर बदलत्या चुंबकीय क्षेत्राचं यंत्र लावायलाही तिकडे १९७९ मध्ये मान्यता मिळाली. हे सगळं खरं आहे, आणि पट्टेवाले नेमकं हेच खरं उचलून आपल्या चकत्यांना चिकटवतात. खोट्याला खऱ्याचं अस्तर. उसवल्याशिवाय कळत नाही.

हे मी अण्णांना कधीच सांगितलं नसतं. पण मार्चमध्ये काय झालं, अण्णांचे एक जुने कंडक्टर मित्र, आम्ही त्यांना कंडक्टर काकाच म्हणतो, त्यांचा डावा खांदा दुखायला लागला. माझा उजवा, त्यांचा डावा, चहाला बसलो की आमच्या जुगलबंदी चालायच्या. अण्णा म्हणाले, थांब, त्यांच्याकडे खांद्याचा पट्टा पण येतो, मी मागवतो तुला, माझ्यातर्फे. आणि कंडक्टर काकांच्या डाव्या कॉलरबोनच्या खाली दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेला.

मला तो भिंतीवरचा बोर्ड दिसला.

काका गेल्यावर मी म्हटलं, अण्णा, पेसमेकरजवळ मॅग्नेट चालत नाही, त्यात आतमध्ये मॅग्नेटनं हलणारा स्विच असतो, जवळ आलं की तो हृदयाचं बघायचं सोडून एकाच ठरलेल्या ठोक्यानं चालायला लागतो. अण्णा म्हणाले, अगं छोट्या चकत्या असतात, दोन वर्षं बांधतोय, मला काय झालं? बरंच वाटलं ना? मी परत सांगितलं. ते परत म्हणाले, अनुभव आहे माझा. अनुभव हा शब्द आला की आमच्या घरात वाद संपतो, केळघरच्या घाटाचा अनुभव असतो त्याच्यामागे.

मग मी सांगून टाकलं. अण्णा, तुमच्या पट्ट्यात काही नाहीये. दिवाळीपासून.

ते काही बोलले नाहीत. उठले, कमरेवर हात नेऊन अस्तर चाचपलं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत, सावकाश, जसं ते गाडी काढायच्या आधी टायर बघायचे. मग स्वयंपाकघरात गेले. फ्रिजसमोर उभे राहिले. एक चकती काढली, लाईटबिल खाली पडलं, चकती हातात वजन केल्यासारखी धरली आणि परत लावली, बिलासकट. आईला एवढंच म्हणाले, तुला माहिती होतं? आई म्हणाली, मीच शिवला की. आणि भाकरी थापत राहिली.

कंडक्टर काकांना त्यांनी स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं, कारण सांगितलं नाही. त्यानंतर तीन दिवस अण्णांची कंबर इतकी दुखली की फिरायला गेले नाहीत. ते माझ्यामुळे झालं की त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला म्हणून की असंच, मला सांगता येणार नाही. खोटं औषध काढून घेतलं की खरं दुखणं परत येतं का, असा काहीतरी प्रश्न आहे तो, आणि मी दुसऱ्यांच्या बाबतीत त्याचं उत्तर पटकन दिलं असतं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, ताई, दुखणं खोटं नसतं कधी. माझं मशीन तरी काय, दुखणं थोडा वेळ गप्प करतं, खांदा सैल करतं, तेवढ्यात हात वर न्यायचं काम तुमचंच. एकटं मशीन लावून घरी जाऊन झोपलं तर काही होत नाही. आणि त्यांनी मला भिंतीजवळ उभं करून बोटांनी भिंत चढायला लावली, आदल्या दिवशीच्या पेन्सिलच्या खुणेच्या वर.

(माझी खूण आता दाराच्या कडीच्या बरीच वर गेलीय. साखरेचा डबा अजून नाही.)

चौथ्या दिवशी अण्णा म्हणाले, तुझ्या त्या शेकवाल्या बाईंकडे मला घेऊन चल.

गेलो. मॅडमनी कंबर तपासली, दोन्ही नळ्या लावून गरम गार विचारलं, अण्णांनी शाळेतल्या पोरासारखी बरोबर उत्तरं दिली. मग म्हणाल्या, काका, अंगावर धातूचं काय काय आहे ते सगळं काढा. अण्णांनी घड्याळ काढलं, खिशातली चिल्लर काढली, किल्ल्या काढल्या, चांदीचा करदोडा काढायला जरा लाजले. शेवटी पट्टा सोडला.

मॅडमनी पट्ट्यावरचं नाव वाचलं. म्हणाल्या, काका, हा लांब ठेवते हं, यात मॅग्नेट असतात.

"असतात," अण्णा म्हणाले, "ह्यात नाहीत. ते फ्रिजवर आहेत."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी बोर्डकडे बघायला लागले. अण्णा लाकडी पलंगावर पालथे झोपले, टॉवेल, पॅड, मशीनची घरघर.

"काका, किती गरम लागतंय?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग उशीतूनच म्हणाले, "चढ लागलाय. टॉपला आणा अजून थोडी."

"काका, चढ नको, उबदार वाटायला पाहिजे नुसतं."

"मग बास," अण्णा म्हणाले. "आहे तीच राहू द्या."

निघताना त्यांनी पट्टा हातात घेतला आणि विचारलं, हा बांधू का परत? मॅडम म्हणाल्या, चालताना बांधा थोडा वेळ, आधार मिळतो, दिवसभर नको. अण्णांनी तो तिथंच उभं राहून बांधला, नीट ओढून, आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, तुझ्या आईला सांग, डाव्या बाजूची शिवण परत उसवायला लागलीय.